कोशिश

कोशिश : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत उदयास आलेला हिंदी प्रगतिशील रॉक संगीतवृंद. मंगेश गांधी (गायन व गिटार), श्रीकांत श्रीनिवासन (गिटार), अनीश नायर (बेस गिटार) व हमजा काझी (तालवाद्ये) हे त्याचे प्रमुख कलावंत. फिरदौस (२०१३, अर्थ स्वर्ग) या पहिल्याच गीतसंग्रहाने वृंदास ख्याती मिळवून दिली.

सर्व गीते एका कल्पनेत गुंफणारा संग्रह हा प्रगतिशील रॉकचा विशेष होय. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वृंदाच्या द डार्क साइड ऑफ द मून (१९७३) या संग्रहाचे ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी एरिक वुल्फसनसह १९७५ मध्ये ‘ॲलन पार्सन्स प्रोजेक्ट’ स्थापन केला. रंगमंचाऐवजी ध्वनिमुद्रण-कक्ष हेच त्याचे कार्यक्षेत्र होते. एडगर ॲलन पोच्या साहित्यावरील संग्रह (१९७६) ही त्याची पहिली कृती. अशा कृतींत गीतांचा क्रम हा रचनेचाच घटक असतो. मराठीत पुणे आकाशवाणीवरून प्रसृत झालेल्या गीतरामायणात (१९५५–५६) छप्पन्न गीतांची अशीच मालिका आढळते. मात्र तेथे कथा श्रोत्यांना पूर्वपरिचित होती.

फिरदौसमध्ये कथा अपरिचित असून क्रमही हेतुतः विस्कटलेला आहे. एका व्यक्तीच्या आत्मशोधाचे सूत्र श्रोत्याने संग्रहातील खुणांच्या आधारे जुळवावयाचे असते. गीते सुटी-सुटी ऐकण्याची सवय रूढ होत असता श्रोत्यास संपूर्ण कृतीकडे वळविणारी ही योजना मार्मिक आहे. संथ, मृदू आरंभाकडून घनगंभीर गिटारवादनाकडे होणारे संक्रमण, बदलती लयबंधने आणि दीर्घ स्वरांचे गायन ही रचनेची वैशिष्ट्ये होत. टूल या अमेरिकन वृंदाच्या शैलीशी तिचे नाते जाणवते. तथापि साध्या हिंदी शब्दकळेमुळे तिला स्वतंत्र व्यक्तित्व लाभते.

या योजनेस मर्यादाही आहेत. कोणत्याही क्रमाने ऐकता यावे म्हणून प्रत्येक गीत स्वयंपूर्ण ठेवावे लागते. परिणामी कथासूत्र शिथिल होते. ‘माया’, ‘मुक्ति’ यांसारख्या शीर्षकांतून सूचित होणारा आशय बव्हंशी अमूर्त राहतो. नायकाचे गाव, व्यवसाय वा नातीगोती डोळ्यांसमोर उभी राहत नाहीत. कोडे सुटल्यानंतर स्मरणात राहतात ती गीते, कथा नव्हे. असे असले, तरी रॉकसंगीतातील संकल्पनाधिष्ठित संग्रह हिंदीत समर्थपणे साकारता येतो, हे या कृतीने दाखवून दिले. तसेच श्रोत्यास निव्वळ रसग्राहक न मानता रचनेचा सहभागी मानले. यातच तिचे महत्त्व आहे.