पाच पौंड दोन औंस

प्रशस्तिपत्र हा वाङ्मयप्रकार कुणी फारसा मनावर घेत नाही. दुकानदाराने मागितलं, गिऱ्हाइकाने भिडेखातर लिहून दिलं आणि जाहिरातीत छापून आलं, एवढंच त्याचं आयुष्य. पण ॲनी ओकलीने लंडनच्या चार्ल्स लँकेस्टर या बंदुका बनवणाऱ्या पेढीला लिहिलेलं पत्र त्याला अपवाद आहे. मोजक्या ओळींचं, रुक्ष वाटावं असं. तरीही बंदूक माणसाच्या अंगाला बसवणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला त्याच्याइतका चांगला मजकूर दुसरा माहीत नाही.

ॲनीचा जन्म १८६० चा, ओहायो राज्यातल्या डार्क काउंटीचा. घरात दारिद्र्य, वडील लवकर गेलेले. पोरवयातच ती रानातली शिकार विकून घराला हातभार लावू लागली. १८८५ साली बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळात शिरली. १८८७ मध्ये हा सगळा लवाजमा राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने लंडनला उतरला, तेव्हा ती नावारूपाला आलेली होती. उंची मात्र जेमतेम पाच फूट. सिटिंग बुल या लकोटा सरदाराने तिला जे लाडकं नाव दिलं, त्यातही नेमबाजीच्या जोडीला हे लहानखुरेपण होतंच.

आता पत्र. त्यात ती सांगते, की तुम्ही मला बनवून दिलेल्या चार बंदुका माझ्या मते परिपूर्णतेच्या जितक्या जवळ जाता येईल तितक्या गेलेल्या आहेत. त्यातली वीस बोअरची जोडी, वजन पाच पौंड दोन औंस, ती जवळजवळ दोन वर्षं वापरते आहे. सांधे अजून नव्यासारखे घट्ट आहेत, आणि आतली यंत्रणा साफ करून घेण्यापलीकडे दुरुस्तीचा खर्च नाही. दुसरी जोडी बारा बोअरची (बोअरचा आकडा लहान, तितकी नळी रुंद), वजन सहा पौंड. ती हाती आल्यापासून नेम आणखी सुधारला. संपलं.

या पत्रात काय नाही, ते आधी पाहण्यासारखं आहे. लंडनची दुनळी म्हटली की लोक पोलादावरची बारीक वेलबुट्टी आणि अक्रोडाच्या लाकडातल्या गडद रेषा डोळे भरून पाहतात. ॲनी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. राजेरजवाड्यांच्या टाळ्या, खेळांची गर्दी, स्वतःचं कौतुक, काही नाही. जिचा सगळा धंदा डोळे दिपवण्याचा, ती इथे वाण्याच्या वहीसारखं लिहिते: नग, वजन, किती वापर झाला, खर्च किती आला. आणि वजन औंसापर्यंत. ते दोन औंस म्हणजे जेमतेम सत्तावन्न ग्रॅम. एवढ्याशा फरकाची नोंद ठेवणाऱ्या बाईला बंदूक उचलताना काय जाणवत असेल, हे या ओळीतून कळतं.

वजनाला तिने एवढं महत्त्व का द्यावं? लहान चणीच्या माणसाने जड बंदूक उचलली, की तोल सावरायला तो कमरेतून मागे झुकतो. पुढचा हात थकतो, उडत्या पक्ष्यामागे नळी फिरायची ती अडखळते. मग हलकी करा, असं कुणीही म्हणेल. पण हलकी बंदूक खांद्याला जास्त लाथ मारते. इंग्लिश कारागिरांमध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावावर सांगितला जाणारा एक ठोकताळा आहे: काडतुसातल्या छर्ऱ्यांच्या ९६ पट बंदुकीचं वजन असावं. पाच पौंड दोन औंस म्हणजे ८२ औंस. त्याला ९६ ने भागा; उत्तर येतं सुमारे ०.८५, म्हणजे वीस बोअरच्या काडतुसाचा नेहमीचा ७/८ औंसाचा भार, अगदी थोड्या फरकाने. बंदूक नुसती ‘बाईसाठी हलकी’ केलेली नव्हती. तिच्या अंगाला आणि काडतुसाच्या धक्क्याला एकाच वेळी पटेल असा आकडा शोधलेला होता.

हा शोध घेणारा माणूसही मजेदार. पेढीवर पाटी चार्ल्स लँकेस्टर यांची, पण त्या घराण्याची मालकी १८७८ मध्ये संपली होती. पेढी हेन्री थॉर्न यांच्याकडे आली आणि ते व्यवहारात लँकेस्टर हेच नाव वापरत राहिले. १८८९ साली नेमबाजीच्या कलेवर सचित्र पुस्तक लिहिलं, तेही त्याच नावाने. गिऱ्हाइकाच्या मापाबाबत इतका काटेकोर माणूस स्वतः आयुष्यभर दुसऱ्याच्या नावात वावरला!

शॉटगनला रायफलसारखी मागची माशी नसते. ते काम नेमबाजाच्या डोळ्याला करावं लागतं, आणि डोळा कुठे यावा हे दस्ता ठरवतो. दस्त्याच्या वरच्या कडेवर गाल टेकतो. ती कड उंच असली तर बार वर जातो, खाली असली तर खाली. दस्ता लांब असला तर त्याचं बूड काखेपाशी कपड्यात अडकतं. आखूड असला तर धक्का बसताच अंगठ्याचं हाड नाकावर येतं. शिवाय दस्ता नळीच्या रेषेत सरळ नसतो. उजव्या हाताच्या नेमबाजासाठी तो किंचित उजवीकडे वळवलेला असतो, कारण डोळा चेहऱ्याच्या मध्याजवळ आणि खांदा बाजूला. बाईच्या बाबतीत बुडाचा कोनही वेगळा लागतो. खालचं टोक छातीत रुतलं, तर बंदूक खांद्यावर नीट बसत नाही.

म्हणून लहान माणसासाठी दस्त्याचा तुकडा कापून मोकळं होणं मला आळशीपणाचं वाटतं. थोरल्याचा शर्ट बाह्या दुमडून धाकट्याला चढवावा, तशातला प्रकार. मागचं लाकूड गेलं की तोल नळीकडे सरकतो, म्हणजे ज्या हातावरचं ओझं उतरवायचं त्याच्यावरच ते चढतं. गाल कडेवर पुढे सरकतो आणि डोळ्याची उंची बदलते. मूठ तेवढीच जाड राहते, बोट चापापर्यंत पुरत नाही. खरा कारागीर लांबी, उंची, कोन, वळण, मुठीचा घेर यांचा एकत्र विचार करतो. त्यासाठी खिळखिळ्या दस्त्याची एक विचित्र बंदूक ठेवतो, जिचे सांधे स्क्रू फिरवून हवे तसे हलतात. गिऱ्हाईक ती उचलून सोळा यार्डांवरच्या चुना फासलेल्या लोखंडी पत्र्यावर बार टाकतं, नेम न धरता, डोळा ठिपक्यावर ठेवून. छर्ऱ्यांचा मध्य ठिपक्यापासून इंचभर डावीकडे गेला, तर दस्ता १/१६ इंच हलवायचा. हा हिशोब कुठून आला? सोळा यार्ड म्हणजे ५७६ इंच. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत सुमारे ३६ इंच. भागाकार सोळा. लाकूड मग गरम जवसाच्या तेलाने मऊ करून साच्यात वाकवतात. दीड-दोन मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप.

ॲनीच्या खेळातला एक प्रकार आठवला की या दीड मिलिमीटरचं मोल कळतं. निशाण हवेत उडाल्यावर ती धावत यायची, मध्ये ठेवलेल्या टेबलावरून उडी मारायची, बंदूक उचलायची आणि निशाण पडायच्या आत फोडायची. इतक्यात गाल कुठे ठेवू, कोपर कुठे, हे ठरवायला वेळच नसतो. बंदूक खांद्याला लागली की डोळा जागेवर आलेलाच हवा. प्रेक्षकांना तिची चपळाई दिसे; लाकडाची वळणं कुणालाच दिसत नसत.

पत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा क्रम. आधी वीस बोअर, नंतर बारा. लहान बाई, लहान नळी, हलकी बंदूक अशी गोष्ट आपण मनात रचून बसतो आणि ॲनी स्वतःच ती उलटवते: नेम सुधारला तो मोठ्या बोअरच्या, चौदा औंस जास्त वजनाच्या जोडीने. नाजूक व्यक्तीला नाजूक वस्तू, हा दुकानदारी विचार तिला मान्य नसावा. आजही कारखाने ‘लेडीज’ म्हणून जी बंदूक पुढे करतात, ती बहुधा एका सरासरी बाईची असते, आणि सरासरी बाई दुकानात कधी येत नाही. सहा पौंडांची बारा बोअर त्या काळच्या मापाने फारच हलकी; तीही कुणा पुरुषाची कापून दिलेली नव्हे, तर तिच्यासाठीच घडवलेली. सहा पौंड म्हणजे ९६ औंस. ग्रीनरच्या ठोकताळ्याने भागलं, तर छर्ऱ्यांचा भार येतो बरोबर एक औंस.