ऑटोस्विच, डीपी आणि मोबाईलवरून चालणारी मोटार

रब्बीचा हंगाम आला की महावितरणचं एक आवाहन ठरल्यासारखं येतं: कृषिपंपांचे ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, रोहित्र जळण्यापासून वाचवा. नांदेड असो की लातूर, मजकूर जवळपास तोच. आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांचा लाडका प्रकल्प म्हणजे मोबाईलवरून शेतातली मोटार चालू-बंद करणं. हल्ली पीएचडीच्या प्रस्तावांतही तो डोकावतो. आवाहन आणि प्रकल्प, दोन्ही स्टार्टरच्या एकाच पेटीबद्दल बोलतात, आणि दोन्ही मला अर्धवट वाटतात. का, ते सांगतो.

आधी पेटी समजून घेऊ. साध्या डीओएल स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबलं की कॉइलला करंट मिळतो, कॉन्टॅक्टर ओढला जातो, मोटार फिरते. बोट काढलं तरी ती चालूच राहते, कारण हिरव्या बटणाला समांतर कॉन्टॅक्टरचाच एक जादा कॉन्टॅक्ट जोडलेला असतो. तो कॉइलला धरून ठेवतो. लाईट गेली की कॉइल सुटते आणि तो कॉन्टॅक्टही सुटतो. मग लाईट परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. ही चूक नाही, ही मुद्दाम ठेवलेली सोय आहे. लाईट नसताना कुणी कपलिंग आवळत असेल, फुटव्हॉल्व्हचा गाळ काढायला विहिरीत उतरलं असेल, तर मोटार अचानक सुरू होऊ नये म्हणून. ऑटोस्विच नेमकी हीच सोय काढून घेतो. लाईट आली की हिरवं बटण दाबायचं काम तो स्वतःच करतो.

आता आवाहनाचा दावा तपासू. संशोधनात दावा ऐकला की कागद-पेन घ्यायचं, एवढी सवय आत्ताच लावून घ्या. 63 केव्हीएच्या डीपीवर 5 एचपीच्या दहा मोटारी आहेत असं धरा. डीपीची क्षमता साधारण 84 अँपिअर. एक मोटार पूर्ण भारावर साडेसात अँपिअर घेते, म्हणजे दहा मिळून 75. चालताना सगळं बसतं. पण सुरू होताना मोटार सहापट करंट ओढते. दहाही एकदम उठल्या तर 450 अँपिअर, डीपीच्या पाचपटीहून जास्त! साडेचार टक्के इम्पिडन्स धरला तर फक्त डीपीतच व्होल्टेज जवळपास पाचव्या हिश्श्याने पडतं. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे तो दोन तृतीयांशाच्या आसपास उरतो. लांबच्या लाईनवर टोकाला असलेल्या मोटारीचे हाल तर विचारूच नका. मोटारी हळूहळू वेग घेतात, तेवढा जास्त वेळ मोठा करंट वाहत राहतो, आणि मग फ्यूज जातो, मोटार भरायला टाकावी लागते किंवा डीपी जळते. तेव्हा ऑटोबद्दलचं आवाहन बरोबर आहे.

कॅपॅसिटरचं काय? 5 एचपीला साधारण 2 केव्हीएआरचा कॅपॅसिटर सांगितला जातो. त्याचा करंट 415 व्होल्टला 2.8 अँपिअर. चालताना त्याचा फायदा खराच आहे, लाईनवरचा भार कमी होतो. पण सुरू होतानाच्या 45 अँपिअरपुढे 2.8 म्हणजे काय? आवाहनात दोन्ही उपाय एका दमात येतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की कॅपॅसिटर बसवला की ऑटो चालेल. तसं होत नाही. हे दोन वेगळ्या प्रश्नांचे दोन उपाय आहेत.

आणि मुख्य तक्रार वेगळीच. शेतकरी ऑटो का लावतो, हे आवाहनात कुठेच नसतं. थ्री फेज लाईट चक्राने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला येणार, मध्येच जाणार, पुन्हा येणार. दारं धरायला जाणारा माणूस दर वेळी बॅटरी घेऊन, साप-विंचवातून विहिरीपर्यंत जाऊन बटण दाबेल का? ऑटो हे त्याने काढलेलं उत्तर आहे. प्रश्न तसाच ठेवून उत्तर काढून टाका म्हणणं टिकत नाही, आणि म्हणूनच ते आवाहन पुन्हा पुन्हा करावं लागतं.

इथे प्रकल्पवाले पुढे येतात. विषय उत्तम, पण मी पाहिलेल्या आराखड्यांत तीच ती गडबड दिसते. मोबाईलचा मेसेज आला की रिले बंद होतो आणि बंदच राहतो. तो थेट कॉइलच्या वाटेत बसवलेला असतो. याला दोन-वायर नियंत्रण म्हणतात. हिरव्या-लाल बटणांचं ते तीन-वायर. दोन-वायरमध्ये लाईट गेली तरी रिलेचा आदेश मागे उरतो (मॉड्यूल बॅटरीवर असेल किंवा शेवटची स्थिती लक्षात ठेवत असेल तर नक्कीच), आणि लाईट येताच मोटार सुरू. म्हणजे ज्याच्यावर उपाय म्हणून प्रकल्प केला, तो ऑटोस्विचच नव्या नावाने परत बसवला! रिलेने हिरव्या बटणासारखा एखादा सेकंद टोला द्यायला हवा, आणि बंद करायला लाल बटणाच्या ओळीत दुसरा रिले हवा.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रयोगशाळेतल्या निळ्या रिलेवर 10 अँपिअर, 250 व्होल्ट लिहिलेलं असतं. शेतातल्या स्टार्टरची कॉइल बहुतेकदा दोन फेजांमध्ये, म्हणजे 415 व्होल्टवर असते, कारण न्यूट्रल आणलेलाच नसतो. टेबलावर बल्ब पेटवून घेतलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही. तसाच 'मोटार चालू आहे' हा मेसेज. तो रिलेच्या स्थितीवरून पाठवला तर एक फेज गेलेली असताना, मोटार घुरघुरत जळत असतानाही तोच मेसेज येणार. सीटी लावून तिन्ही फेजांचा करंट मोजा, मग मेसेज पाठवा.

या विषयात खरं संशोधन कुठे आहे? माझ्या मते वेळेच्या फरकात. दहा मोटारींनी लाईट आल्यावर पाच मिनिटांत आपापला क्षण यादृच्छिक निवडला, आणि सुरू व्हायला प्रत्येकी दोन सेकंद लागले, तर कुठल्या तरी दोन मोटारी एकमेकींवर येण्याची शक्यता निम्म्याच्या जरा खाली येते. ऐकायला वाईट वाटतं. पण दोन एकत्र येणं डीपी दोन सेकंद सोसते. दहा एकत्र येण्याची शक्यता मात्र जवळपास शून्य होते. सगळ्यांनी टायमर एकाच आकड्यावर ठेवला तर हा फायदा साफ जातो, म्हणून आकडा माणसाच्या हातात न देता यंत्राने निवडावा का, हा चांगला प्रश्न आहे. लाईन लांब असेल, मोटारी वेगवेगळ्या एचपीच्या असतील, काही दोन फेजवर कॅपॅसिटर लावून चालवलेल्या असतील, तर हिशोब बदलतो. तिथे मोजमाप हवं, नुसती मांडणी नको.

यातून डीपी वाचते, विहिरीत उतरलेला माणूस वाचत नाही. त्याच्यासाठी उशीर पाच सेकंदांचा की पाच मिनिटांचा, फरक फारसा नाही. त्याला मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवता आला पाहिजे, आणि लाल बटण दाबल्यावर मोटार थांबलीच पाहिजे. मोबाईलच्या रिलेची वायर लाल बटण आणि ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट टाळून थेट कॉइलवर नेलेली आकृती मी छापील पाहिली आहे. त्या आकृतीप्रमाणे जोडलेल्या पेटीसमोर उभा राहून माणूस लाल बटण दाबत राहील, आणि मोटार चालूच राहील.