घुमट कुणाचा?
(हसन फतही यांच्या गुर्ना-कथेचे एक वाचन)

आमच्या कोकणातल्या गावी जमातीची बैठक भरली की हल्ली एक विषय हमखास निघतो. जुनी मशीद उतरवून स्लॅबची नवी बांधायची, की आहे तीच दुरुस्त करायची? जांभ्याच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी खांब, वर कौले. आम्ही पडलो शाळामास्तर, म्हणून जुन्याच्या बाजूने दोन शब्द बोललो. त्यावर एका बुजुर्गांनी शांतपणे विचारले, "मास्तर, वारसा वगैरे ठीक आहे. पण दर पावसाळ्याआधी छपरावर तुम्ही चढणार का? आणि चुना मळणारा गवंडी कुठून आणणार?" आम्हांला उत्तर देता आले नाही. त्या निरुत्तर अवस्थेतच आम्ही हसन फतही यांचे पुस्तक पुन्हा हाती घेतले.

फतही (1900–1989) हे इजिप्तचे वास्तुकार. त्यांचे हे पुस्तक सन 1969 मध्ये कैरोत 'गुर्ना : दोन गावांची कथा' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने निघाले, आणि सन 1973 मध्ये शिकागो विद्यापीठाने 'आर्किटेक्चर फॉर द पुअर' म्हणून ते जगापुढे आणले. विषय वास्तुकलेचा असला तरी ते वाचले जाते कादंबरीसारखे. लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम काठावर गुर्ना नावाची वस्ती होती. फारोकालीन सरदारांच्या थडग्यांवरच लोकांची घरे उभी. थडग्यांतल्या वस्तू विकणे आणि पाहुण्यांना ती दाखवणे हाच अनेकांचा रोजगार. चोऱ्या वाढल्या तेव्हा पुरातत्त्व खात्याने ही सुमारे 900 कुटुंबे हलवण्याचे ठरवले, आणि नवे गाव वसवण्याचे काम सन 1945 मध्ये फतहींकडे आले.

पुस्तकाचे खरे बळ त्यातल्या हुनराच्या वर्णनात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इजिप्तमध्ये लाकूड आणि लोखंड मिळेना. कच्च्या विटांच्या भिंती उभ्या राहत, अडचण छपराची होती. कमानीचे छत बांधायचे तर खाली लाकडी साचा लागतो, आणि लाकूडच नाही! फतहींनी करून पाहिलेली छते कोसळली. मग भावाकडून कळले की, अस्वानकडचे नूबियन गवंडी साच्यावाचून छत बांधतात. सन 1941 मध्ये ते तिकडे गेले आणि पाहतच राहिले. हे गवंडी मागच्या भिंतीवर गाऱ्याने कमानीची रेघ आखत. विटांची पहिली ओळ त्या भिंतीला टेकवून, किंचित कलती लावत. दुसरी ओळ पहिलीवर कलती, तिसरी दुसरीवर. विटेत भुसा जास्त घालत, म्हणजे ती हलकी होई, आणि तिच्या पाठीवर बोटांनी खाचा ओढत, म्हणजे गारा घट्ट धरी. लक्सरलाच रामसेसच्या देवळामागे अशा छतांची तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची कोठारे उभी आहेत. ज्या युक्तीने फारोची कोठारे झाकली ती या गवंड्यांच्या हातांत जिवंत होती, आणि वास्तुकलेची पदवी घेतलेल्या माणसाला तिची गंधवार्ता नव्हती! हे फतही स्वतः मोकळेपणाने सांगतात.

इथवर आम्ही पूर्णपणे त्यांच्या बाजूचे आहोत. मास्तर म्हणून एक गोष्ट विशेष भावली. नूबियन उस्तादांच्या हाताखाली स्थानिक पोरे प्रत्यक्ष कामावर शिकतील, अशी व्यवस्था त्यांनी केली. इमारत जतन करायची तर आधी ती बांधणारा हात जतन केला पाहिजे, हे त्यांना फार लवकर उमगले होते.

मग नवे गुर्ना फसले का? फतही बोट दाखवतात ते सरकारी खात्यांकडे, थकलेल्या बिलांकडे, आणि थडग्यांवरचा रोजगार सोडायला नाखूश असलेल्या गावकऱ्यांकडे. बांध फोडून नव्या गावात पाणी सोडले गेल्याचेही ते लिहितात. यातले बरेचसे खरे असेलही. पण आमचे मन अडले ते वेगळ्याच जागी. प्रत्येक घर त्या त्या कुटुंबाशी बोलून आखावे, हा त्यांचा आग्रह होता. मात्र प्रत्यक्षात ते लिहितात की, गुर्नाच्या लोकांना आपल्या घरगुती गरजासुद्धा शब्दांत मांडता येत नव्हत्या, मग शैली आणि सौंदर्य तर दूरच. बायकांशी बोलणे तर झालेच नाही.

हे वाक्य आम्हांला पटत नाही. वर्गात मूल गप्प राहिले म्हणजे त्याला उत्तर येत नाही, असे नसते. पुष्कळदा प्रश्नच त्याच्या भाषेत नसतो. गुर्नाच्या माणसाला घुमटी छत दाखवले तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल? त्या मुलखात घुमट असतो वलीच्या मजारीवर. जिवंत माणसाने, बायकामुलांनी त्याखाली रोज झोपायचे? हा आक्षेप पुढे अनेक समीक्षकांनी नोंदवला. फतहींना घुमटात आभाळ दिसले, लोकांना कबर दिसली. दोघेही आपापल्या जागी खरे. पण घरात राहायचे होते लोकांना. आणि हुनरही नूबियाचा, गुर्नाचा नव्हे, हेही विसरून चालणार नाही.

काम सन 1948 च्या सुमारास अर्धवट थांबले. पुढे तिथे राहायला आलेल्यांनी बरीच कच्ची घरे उतरवून काँक्रीटची बांधली. जुने गुर्ना सन 2006 पासून सरकारने बुलडोझर लावून पाडले. नव्या गुर्नाला सन 2010 मध्ये जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत स्थान मिळाले. ज्या गावाने गावपण नाकारले ते स्मारक झाले! मशीद मात्र टिकली. तिचा जिना मिनाराला बाहेरूनच सरळ वर चढतो. मशिदीवरचा घुमट कुणाला खुपला नाही, कारण तिथे तो लोकांच्या ओळखीचा होता.

इतके बोलूनही हे पुस्तक आम्ही थोर मानतो. आपल्या पराभवाची इतकी तपशीलवार जबानी देणारे वास्तुकार विरळा. गरिबाच्या पायाखालची माती हीच त्याची दौलत आहे, हा त्यांचा विचार आजही खोटा ठरलेला नाही. उणीव एवढीच की, हातांना त्यांनी उस्ताद मानले, पण त्या घरात राहणाऱ्याला मानले नाही.

आता आमची मशीद. पुढच्या बैठकीत आम्ही व्याख्यान देणार नाही. छपरावर चढणारा कोण, हा त्या बुजुर्गांचा प्रश्नच आधी मांडणार आहोत. चुन्याचे काम येणारा एखादा म्हातारा गवंडी पंचक्रोशीत उरला आहे का, त्याच्या हाताखाली मोहल्ल्यातली दोन पोरे एक हंगाम राहतील का, आणि त्यांची मजुरी जमात देईल का, हे विचारणार आहोत. बैठकीला न येणाऱ्या आयाबहिणींनाही घरोघरी जाऊन विचारायचे आहे. एवढे करूनही जमातीने स्लॅबच पत्करला तर आम्हांला वाईट वाटेल, पण तक्रार करणार नाही. न विचारता वाचवलेल्या इमारतीचे काय होते, ते गुर्नात पाहिले आहे.