इंग्रजी खेड्याची शांतता

इंग्लंडमधले खेडे आपण मराठी वाचकांनी पाहिले ते पुस्तकांतून. चर्चचा मनोरा, त्याच्या सावलीत कललेले थडग्यांचे दगड, मधोमध हिरवे मैदान, गुलाबाच्या वेली चढलेली बुटकी घरे आणि या सगळ्यावर पसरलेली शांतता. हे चित्र आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की त्या घरात राहणारा माणूस काय खातो, भाडे कोणाला देतो, हातपाय थकल्यावर कोठे जातो, हे विचारावे असे वाटतच नाही. खेडे शांत आहे एवढे कळले की आपले समाधान होते.

मी इंग्लंडला गेलेलो नाही. मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीवर, शब्दकोश जवळ ठेवून, मी ही पुस्तके वाचली आहेत. माझा व्यवसाय मास्तरकीचा. दर वर्षी 'माझे गाव' या विषयावरच्या चाळीस-पन्नास वह्या मी तपासतो आणि त्यांतले प्रत्येक गाव 'शांत व रम्य' असते. ज्या मुलीला शाळेत येण्यापूर्वी लांबच्या विहिरीवर दोन खेपा कराव्या लागतात, तिचेही गाव शांत व रम्यच. ती मुले खोटे लिहीत नाहीत. निबंधात गाव असेच असते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत साहित्यात कशी घडते आणि कशी मोडते, हे पाहायचे तर इंग्रजी खेड्याकडे पाहावे; कारण त्याच्यावर अडीचशे वर्षे लिहिले जात आहे, आणि लिहिणारे एकमेकांशी भांडत आले आहेत.

ऑलिव्हर गोल्डस्मिथचे 'द डेझर्टेड व्हिलेज' १७७० साली प्रसिद्ध झाले. त्यातले खेडे सुंदर आहे, पण ते उठून गेलेले आहे. वाड्यासमोरचा देखावा मोकळा व्हावा म्हणून जमीनदाराने गावच्या गाव हलवावे, असे त्या काळी खरोखर घडत होते. ऑक्सफर्डशायरमधील न्यूनम कोर्टनी हे गाव १७६० च्या सुमारास असेच हलविण्यात आले. गायराने आणि सामाईक जमिनी कुंपणे घालून खाजगी करण्याचे काम तर पार्लमेंटनेच चालविले. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि इंग्लंडच्या एकूण भूमीपैकी पंचमांशाहून थोडी अधिक जमीन त्यांच्याखाली आली. ज्याची एकुलती एक गाय त्या गायरानावर चरत होती, त्याची गाय गेली आणि तो दुसऱ्याच्या शेतावरचा मजूर झाला. गोल्डस्मिथला हे दुःख कळले होते. परंतु ते सांगताना त्याने मागच्या काळाला असा काही मुलामा दिला, की तेव्हा गावात कोणी उपाशी नव्हते, कोणी आजारी नव्हते असे वाटावे. तेरा वर्षांनी, १७८३ मध्ये, जॉर्ज क्रॅबने 'द व्हिलेज' लिहून त्याला उत्तर दिले. क्रॅब समुद्रकाठच्या ऑल्डबरोचा, काही दिवस वैद्यकी केलेला माणूस. त्याने गरीबखाना दाखविला, घाईघाईने रोगी पाहून जाणारा वैद्य दाखविला, शिकारीत रमलेला धर्मोपदेशक दाखविला. तो खरे बोलतो, पण फेरीवर निघालेल्या वैद्यासारखा. त्याला गावात दुखणेच दिसते. दोन दुखण्यांच्या मधले हसणे, गाणे, चहाड्या त्याच्या वहीत नोंदल्या जात नाहीत.

खेड्याची शांतता ज्याने खरोखर उपभोगली आणि कामाला लावली असा लेखक म्हणजे गिल्बर्ट व्हाइट. हॅम्पशायरमधील सेलबर्न हे त्याचे गाव. तेथे चर्चची नोकरी सांभाळत त्याने आयुष्यभर पाखरे, झाडे, पाऊस, गांडुळे यांच्याकडे पाहिले आणि आपल्या पत्रांचे पुस्तक १७८९ मध्ये छापले. एकसारख्या दिसणाऱ्या तीन लहान पाखरांना त्याने केवळ गळ्यावरून वेगळे ओळखले. आत्याकडून आलेल्या टिमथी नावाच्या कासवाच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा त्याने आस्थेने टिपल्या. फ्रान्समध्ये क्रांती झाली त्याच वर्षी हे पुस्तक निघाले, म्हणून त्याला हसण्याचे कारण नाही. इतका वेळ एका जागी कान देऊन बसणे ही साधी गोष्ट नव्हे. पण तीन पाखरांचे गळे ओळखणाऱ्या या माणसाच्या पुस्तकात सेलबर्नच्या मजुराचा आवाज मात्र क्वचितच ऐकू येतो. शांत खेडे उपभोगायला पोटाची सोय आधी लागते. व्हाइटची ती झालेली होती.

ज्यांची झालेली नव्हती त्यांच्या बाजूने खेडे लिहिले ते फ्लोरा थॉम्प्सनबाईंनी. माझ्या मते या सर्व लेखकांत त्यांचे स्थान सर्वांत वरचे आहे. ऑक्सफर्डशायरमधील जुनिपर हिल या वस्तीत १८७६ साली गवंड्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. पोरवयातच त्या टपाल कचेरीत कामाला लागल्या. 'लार्क राइज' १९३९ मध्ये आले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पुढचे दोन भाग १९४१ आणि १९४३ मध्ये आले. त्यांच्या पुस्तकात मजुराचा आठवड्याचा पगार दहा शिलिंग आहे, आणि घरामागे एक डुक्कर आहे. त्या डुकराला काय घातले, ते किती भरले, याची चौकशी पाहुणा घरातल्या माणसांच्या आधी करतो. कारण हिवाळाभराचे मांस त्याच्या अंगावर असते. हे सांगताना बाई रडत नाहीत आणि 'आमचे दिवस किती चांगले' असेही म्हणत नाहीत. स्वतःला त्यांनी 'लॉरा' म्हटले आहे, म्हणजे स्वतःकडेही त्या शेजारणीसारख्या थोड्या अंतरावरून पाहतात.

या पुस्तकातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. १९०९ च्या जानेवारीत सत्तर वर्षांवरच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झाले. म्हातारी माणसे ते घ्यायला टपाल कचेरीत आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पैसे देणाऱ्या मुलीसाठी त्यांनी बागेतली फुले आणि फळे आणली, जणू हे दान तीच करीत होती. गरीबखान्याची भीती या माणसांच्या उरात किती वर्षे होती, हे एका शब्दाने न सांगता बाई सांगून जातात. ही भीती आयुष्यभर जवळ बाळगून माणसे मुकाट काम करीत होती आणि रस्त्याने जाणाऱ्याला वाटत होते, खेडे किती शांत आहे! पुस्तकाच्या शेवटी तर पहिल्या महायुद्धावर गेलेली अकरा मुले परत आली नाहीत, एवढे सांगून चर्चमधल्या पितळी पाटीवरच्या नावांपाशी बाई थांबतात. शेवटचे नाव लॉराच्या भावाचे आहे. बाईंचा भाऊ एडविन १९१६ मध्ये मारला गेला होता. इतक्या लहान वस्तीतून अकरा तरणी मुले गेल्यावर मागे जी शांतता उरते तिला रम्य कसे म्हणायचे?

लॉरी ली याचे 'सायडर विथ रोझी' १९५९ मध्ये निघाले आणि अमाप खपले. ग्लॉस्टरशायरमधील स्लॅड हे त्याचे बालपणीचे गाव. लीची भाषा इतकी गोड आहे की पाच-सहा पानांनंतर मला पाणी प्यावेसे वाटते. पण त्याच पुस्तकात, परदेशी पैसा करून आलेला एक माणूस पबमध्ये बढाया मारतो, त्याला काही तरुण रात्री मारझोड करून बर्फात टाकून देतात आणि तो मरतो. पोलीस येतात, विचारतात. गाव काही बोलत नाही. ली हा प्रसंग सांगतो आणि पुढे जातो. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९२७ पासून सेंट मेरी मीड या काल्पनिक गावात बसून खून उकलीत होती. शांत गावाच्या पोटात काय असते हे त्या विणकाम करणाऱ्या बाईला लीपेक्षा अधिक ठाऊक होते, असे म्हणावेसे वाटते.

रोनाल्ड ब्लाइदने १९६९ मध्ये 'एकनफील्ड' लिहिताना वेगळा मार्ग धरला. सफकमधल्या एका गावाला खोटे नाव देऊन त्याने लोहार, शेतमजूर, परिचारिका, थडगी खणणारा अशा अनेकांना बोलते केले. १९१४ साली पलटणीत गेलेली शेतमजुरांची पोरे थोड्याच महिन्यांत अंगाने भरली, कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना अंग मोडून राबावे लागत नव्हते, हे त्यात एक म्हातारा सांगतो. एवढे एक वाक्य शंभर वर्णनांवर मात करते. ब्लाइदविषयी माझी तक्रार इतकीच, की त्याची सगळी माणसे थोडीफार एकाच सुरात बोलतात. मधे लेखक बसला आहे हे कानाला कळते.

आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा असा लेखक मात्र नायपॉल. त्रिनिदादमध्ये जन्मलेला, आजा हिंदुस्थानातून मजूर म्हणून गेलेला हा माणूस विल्टशायरमध्ये एका जुन्या वाड्याच्या आवारातल्या घरात १९७० नंतरची दहाएक वर्षे राहिला. त्यातून 'द एनिग्मा ऑफ अरायव्हल' १९८७ मध्ये आले. शेजारचा जॅक आणि त्याची बाग पाहून निवेदकाला वाटते, हे सारे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. पुढे कळते की जॅकही असाच कोठून तरी आलेला आहे, आणि जे अचल वाटले ते रोज बदलत होते. आजारी जमीनदार घराबाहेर पडत नाही, पण कृष्णावर आणि शिवावर कविता करून या भाडेकरूकडे पाठवितो. साम्राज्याचा सारा इतिहास एका आवारात येऊन बसल्यासारखा आहे. तरीही एक गोष्ट मला खुपते. पुस्तकातला निवेदक एकटा आहे. प्रत्यक्षात नायपॉलबरोबर त्यांची पत्नी पॅट्रिशिया तेथे राहत होती. कादंबरीकाराला वगळण्याचा हक्क असतो, हे मी कादंबरीकार म्हणून मान्य करतो. पण शेजाऱ्याच्या भूतकाळाचा इतका कसून शोध घेणाऱ्या लेखकाला आपल्या शांततेसाठी घरातले माणूस पुसावे लागले, याची नोंद टीकाकाराने केली पाहिजे.

आज त्या खेड्यांतली पुष्कळ घरे शहरातल्या माणसांनी सुट्टीसाठी घेतली आहेत. २००७ व २००८ मध्ये ब्रिटनभरची सुमारे अडीच हजार टपाल कचेऱ्या बंद झाल्या. म्हातारी माणसे फुले घेऊन यायची ती खिडकी पुष्कळ गावांत आता राहिलेली नाही. शांतता वाढली आहे.

आपल्याकडे माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या (१९५५) शेवटी दुष्काळाने वाडी उठून जाते आणि मास्तरही निघतो. तेथेही शांतता आहे, पण ती कशाने आली हे वाचकापासून लपविलेले नाही. ग्रामीण साहित्याला मी लावतो ती कसोटी एवढीच. गाव शांत आहे असे लेखकाने खुशाल लिहावे. पण कोण निघून गेले म्हणून, कोण गप्प बसले म्हणून, आणि कोणाचे पोट भरलेले होते म्हणून, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. वह्या तपासताना हल्ली मी 'शांत' या शब्दाखाली लाल रेघ मारतो आणि समासात लिहितो : का?