कळपाला न कळलेलं

ब्रिटनमधल्या बालवाड्यांत आणि वाचनालयांत एल्मर हा रंगीबेरंगी चौकोनांचा हत्ती हमखास भेटतो. दर वर्षी मे महिन्यात त्याच्या नावाचा दिवस साजरा होतो, आणि जगभर त्याच्या पुस्तकांच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत. मात्र ‘वेगळं असण्यात लाजण्यासारखं काही नाही’ एवढा बोध सांगून बहुतेकदा पुस्तक मिटलं जातं, याचं मला वाईट वाटतं. त्या बोधाखाली दडलेली गोष्ट फार नाजूक आहे.

लेखक-चित्रकार डेव्हिड मकी इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या टॅव्हिस्टॉकचे. त्यांची पहिली पत्नी अँग्लो-इंडियन होती. डेव्हनमध्येच एकदा कुटुंब रस्त्याने चाललं असताना एका मुलाने त्यांच्या लहान मुलीला तिच्या रंगावरून शिवी दिली. एल्मरचं मूळ त्या प्रसंगात आहे, असं मकी सांगत. ‘एल्मर’ १९६८ साली पहिल्यांदा छापलं गेलं. आज घराघरांत आहे ती १९८९ची अँडरसन प्रेसची, नव्या चित्रांची आवृत्ती. त्यात शिवी नाही, शिवी देणाराही नाही. बापाच्या मनात राग असणारच, पण तो बाहेर ठेवून मकींनी लक्ष दिलं ते शिवी ऐकल्यानंतर लेकराच्या आत काय होतं याकडे.

एल्मरला कळपात कुणी छळत नाही. उलट तो सगळ्यांना हसवतो, सगळे त्याच्यावर खूश असतात. पण एका रात्री त्याला झोप येत नाही. दिवसभर जे हसू प्रेमाचं वाटत होतं, तेच अंधारात संशयास्पद होतं: हे माझ्या गमतींना हसतात, की माझ्या अंगाला? कुणी काही केलेलं नाही आणि तरी आपण परके आहोत, ही भावना चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. ती सांगायला मात्र त्याच्याकडे शब्द नसतात.

पहाटे एल्मर गुपचूप निघतो, हत्तीच्या रंगाची फळं शोधतो आणि त्यांत लोळून राखाडी होतो. जाताना वाटेतले प्राणी त्याला नावाने हाक मारून सुप्रभात म्हणतात. परतताना तेच प्राणी तसंच अभिवादन करतात, पण आता तो त्यांच्यासाठी नुसता ‘हत्ती’ असतो. नाव गेलेलं असतं आणि एल्मर खूश असतो! या दोन पानांशी मी दर वेळी थांबते. वर्गात हजेरी घेताना आपल्या नावाशी बाई अडखळू नयेत, कुणी वळून पाहू नये, म्हणून जीव मुठीत धरून बसणारं मूल लंडनमधल्या मराठी घरात असू शकतं, तसं पुण्यात नव्याने आलेल्या बिहारी घरातही. त्याला हा आनंद समजावून सांगावा लागत नाही.

मग एल्मर कळपात उभा राहतो आणि त्याला कुणीच ओळखत नाही. हवं होतं ते मिळालेलं असतं, तरी काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत राहतं. रान तेच, आभाळ तेच, हत्तीही तेच. फक्त सगळे गंभीर, निश्चल. त्याला हसू आवरत नाही आणि तो जोरात ‘भो’ करतो. हत्ती दचकून उधळतात, मग पोट धरून हसतात. पाऊस येतो, राखाडी रंग धुऊन जातो.

आणि इथे मकी जे करतात ते मला थोर वाटतं. कळपाला हे सगळं एल्मरची आजवरची सर्वात मोठी गंमत वाटते. तो का राखाडी झाला होता, हे त्यांना कधीच कळत नाही. ती जागरणाची रात्र फक्त वाचणाऱ्या मुलाला माहीत असते. एल्मरचं गुपित त्याच्याकडे सोपवून लेखक बाजूला होतो.

हल्ली भावनांना नावं द्यायला शिकवणारी चित्रपुस्तकं बरीच निघतात. टॉम पर्सिव्हल यांच्या ‘रुबीज वरी’मध्ये (२०१८) काळजीच पिवळ्या गोळ्यासारखी मुलीमागे हिंडते. अशी पुस्तकं उपयोगी आहेत, मुलांना बोलतं करतात. पण माझं मन मकींच्या बाजूने आहे. त्यांच्याच ‘नॉट नाउ, बर्नार्ड’मध्ये (१९८०) आईबाप मुलाकडे बघतच नाहीत, राक्षस त्याला खाऊन घरात येतो, तेही त्यांना समजत नाही. तिथेही दुःखाचं नाव कुणी उच्चारत नाही. मुलाच्या समजुतीवर एवढा भरवसा फार थोडे लेखक टाकतात.

चित्रांतही हाच संयम आहे. एल्मरचे चौकोन पाहताना चित्रकार पाउल क्लेची आठवण येते. मकींना तो प्रिय होता. पण राखाडी हत्तींकडेही नीट पाहावं. कुणी लठ्ठ, कुणी लुकडा, कुणी उंच, कुणी म्हातारा. एकसारखा कळप एल्मरच्या नजरेत असतो. कागदावर तसा तो कधीच नसतो.

शेवटी कळप ठरवतो की वर्षातून एक दिवस सगळ्यांनी रंगायचं. पोळ्याला बैल रंगवतात तसे हत्ती नटतात, वेलबुट्ट्या, ठिपके, पट्टे अंगावर मिरवतात. आणि त्या मिरवणुकीत एक हत्ती साधा राखाडी असतो. बाकीचे एल्मर होतात तेव्हा एल्मरला चारचौघांसारखं व्हायची मुभा मिळते, आणि या खेपेला ती चोरून घ्यावी लागत नाही. मुलं मिरवणुकीच्या पानावर बोट फिरवून त्याला शोधतात, आणि तो सापडला की पान उलटूच देत नाहीत.