पहिला कोण, हा वाद आता पुरे

फाळक्यांवर पुन्हा चित्रपट येणार आहे. एक नव्हे, दोन. 2023 मध्ये राजामौलींनी ‘मेड इन इंडिया’ची घोषणा केली आणि 2025 च्या मे महिन्यात आमिर खान व राजकुमार हिरानी यांनी आपल्या चित्रपटाची. फाळक्यांचं नाव निघालं की आपल्याकडे पुढचा विषय ठरलेलाच असतो: पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान तोरण्यांच्या ‘पुंडलिक’चा की फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा? 18 मे 1912 आणि 3 मे 1913 या तारखा सगळ्यांना पाठ आहेत. दोन्ही चित्रपट गिरगावच्या कॉरोनेशनमध्येच लागले. ‘पुंडलिक’ हे नाटकाचं चित्रण होतं, कॅमेऱ्यामागे इंग्रज होता आणि फिल्म धुतली गेली लंडनला. ‘राजा हरिश्चंद्र’ इथल्या हातांनी इथेच घडला. एवढं म्हटलं की तो विषय संपायला हवा. तो संपत नाही, कारण त्यापुढे बोलायचं तर चित्रपट बघावे लागतात, आणि तेच आपण सोडून दिलं आहे.

परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) मला आवडतो. फाळक्यांच्या घरातला उत्साह त्यात खरा वाटतो. पण त्यानंतर लेखांत, भाषणांत, शाळेच्या धड्यांत उरलं ते काय? गहाण पडलेली विमा पॉलिसी, गेलेले दागिने आणि सोसणारी बायको. सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडत होत्या, ती धुवायला शिकल्या होत्या. हे तंत्रज्ञाचं काम आहे. त्याला त्याग म्हणून गौरवायचं आणि काम म्हणून मोजायचंच नाही, हा अन्याय आहे.

‘कालिया मर्दन’ची (1919) सुरुवात पाहा. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर बसते आणि एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते. मग त्याच चेहऱ्याचा हळूहळू कृष्ण होतो. देव दाखवण्याआधी फाळके नटी दाखवतात, तिची तयारी दाखवतात आणि मगच आपल्याला गोकुळात नेतात. पुढचा चमत्कार त्यामुळे जराही उणा होत नाही. जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या, छपाईच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला आपल्या हातावर केवढा भरवसा होता, ते या काही क्षणांत दिसतं. फाळक्यांवरच्या किती लेखांत या दृश्याचा उल्लेख असतो?

त्या पिढीत माझं मन सर्वांत जास्त गुंततं ते कोल्हापुरात. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे. कॅमेरा विकत घेणं परवडेना म्हणून त्यांनी तो घडवायला घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी काम तडीस नेलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. ‘सैरंध्री’ (1920) पाहून टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की आयुष्यभर पडदे रंगवलेल्या या माणसाने सिनेमातून रंगवलेला पडदाच काढून टाकला. भिंतीला जाडी आणि दाराला खोली असलेले सेट उभे राहिले. ‘सिंहगड’मध्ये (1923) रात्रीच्या लढाईसाठी कृत्रिम प्रकाश आला. चित्रकाराची नजर एकदा कॅमेऱ्यामागे गेली की काय होतं, त्याचा हा धडा होता आणि दामले, फत्तेलाल, शांताराम तो तिथेच शिकले. पुढे दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’मध्ये दिसणारा साधेपणा आकाशातून पडलेला नाही.

आणि मग 1925. त्या वर्षी चॅप्लिनचा ‘गोल्ड रश’ आला, आयझेनस्टाइनचा ‘पोटेमकिन’ आला, आणि कोल्हापुरातून पेंटरांचा ‘सावकारी पाश’ आला. कथा नारायण हरी आपट्यांची: सावकार जमीन गिळतो, शेतकरी शहरात जाऊन गिरणीत कामगार होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम होते. पुढे ‘हंटरवाली’सारखे मारधाडपट काढणाऱ्या जे. बी. एच. वाडियांनी याची एक आठवण लिहून ठेवली आहे: लांबून घेतलेली, काळोखात बुडालेली एक उदास झोपडी, आणि ओरडणारं कुत्रं. चित्रपट मुका होता, तरी त्यातलं ओरडणं प्रेक्षकाच्या आठवणीत राहिलं. पेंटरांची थोरवी सांगायला मला याहून मोठा पुरावा नको.

कोल्हापूरबाहेर पाहिलं तर कलकत्त्याच्या मदन थिएटर्स कंपनीचा पसारा मोठा होता. पसाऱ्यापलीकडे त्यात मला काही दिसत नाही. त्याच 1925 चा हिमांशू राय यांचा ‘प्रेम संन्यास’ परदेशी डोळ्यांसाठी सजवलेला होता.

‘सावकारी पाश’चा तो मूकपट आज उपलब्ध नाही. आहे तो 1936 चा बोलपट. मूकपटांच्या काळात देशात सुमारे 1300 चित्रपट झाले; उरले ते तीसच्या आसपास, त्यातले बरेच तुटके. इतके कमी का उरले? मी राहतो त्या शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजचा धागा होतो. तेच सेल्युलोज नायट्रिक आम्लाशी गाठ पडलं की त्या काळची फिल्म होते: भडकन पेटणारी, आणि जपली नाही तर आपसूक कुजून भुकटी होणारी. कित्येक फिल्म त्यातल्या चांदीसाठी विकल्या गेल्या. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात फिल्मच्या गोदामाला आग लागून आणखी नायट्रेट रिळं गेली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने दारोदार फिरून डबे गोळा केले नसते, तर आज फाळके आपल्याला फक्त नावापुरते माहीत असते.

जे उरलं आहे त्याचं आपण काय करतो? पुण्याच्या त्या संग्रहालयात ‘कालिया मर्दन’ आहे, पेंटरांचा ‘मुरलीवाला’ आहे. कॉपीराइटची मुदत केव्हाच सरली आहे. कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे, आणि तबला-पेटीची साथ करणाऱ्या कलावंतांची या पट्ट्यात कधीच वानवा नव्हती. तरीही इथल्या हजारो रसिकांनी फाळक्यांचा पुतळा पाहिला असेल, चित्रपट पाहिलेला नाही. पुतळ्यांना, पुरस्कारांना, चरित्रपटांना पैसा मिळतो. एका रिळाची नवी प्रत काढून ती गावोगाव फिरवायला मिळत नाही. ही अडचण पैशांची नाही, आपल्या इच्छेची आहे.

मूकपट कोण बघणार, असं विचारणाऱ्यांनी सकाळच्या कसारा लोकलमध्ये चढून पाहावं. निम्मा डबा आवाज बंद करून चित्रं बघत असतो. बिनआवाजाचं चित्र कळायला आपल्या लोकांना शिकवणी नको, ते त्यांच्यासमोर यायला हवं. म्हणून माझी मागणी सरळ आहे. यापुढे फाळके, तोरणे किंवा पेंटर यांच्यावर चित्रपट काढायला कुणी सरकारी अनुदान मागितलं, तर ते या अटीवर द्यावं: ज्या पडद्यावर तो लागेल, त्याच पडद्यावर आधी त्यांचं स्वतःचं उरलेलं एक रीळ दाखवलं पाहिजे. ज्याचं एकही रीळ उरलेलं नाही, त्याच्या बाबतीत तेवढा वेळ पडदा कोरा ठेवावा आणि तो का कोरा आहे, हे निर्मात्याने प्रेक्षकांना सांगावं.