एका सुंदर फिल्मचं राहिलेलं दहावं मिनिट

'डिफरन्शियल कसं चालतं?' असं कोणी विचारलं की आजही एकच फिल्म पाठवली जाते: 'अराउंड द कॉर्नर'. १९३७ साली शेवरोलेसाठी अमेरिकेतल्या जॅम हँडी संस्थेने बनवलेली, कृष्णधवल, नऊ-साडेनऊ मिनिटांची. मी ती बी.एस्सी.पासून दहा-बारा वेळा तरी पाहिली असेल. तरीही आज तिच्याबद्दल तक्रार करणार आहे. ती पाहून गाडी वळते कशी हे कळतं, पण अडकते का हे कळत नाही. आणि गाडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (यापुढे एलएसडी) बसवायला निघालेल्या माणसाला नेमकं हे दुसरं कळायला हवं.

आधी कौतुक. फिल्मची सुरुवात ओळीने वळणाऱ्या मोटरसायकलस्वारांनी होते. बाहेरच्या स्वाराला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून तो जोरात जातो. गाडीच्या चाकांचंही तेच. मग दोन चाकं, त्यांना जोडलेल्या काठ्या आणि दोन्ही काठ्यांना एकदम ढकलणारी एक आडवी दांडी. ही दांडी मधल्या खिळ्यावर झुलते, त्यामुळे एक चाक अडवलं तरी दुसरं फिरत राहतं. मग काठ्या वाढतात, जाड होतात, त्यांचे दाते बनतात आणि बघता बघता समोर खरंखुरं डिफरन्शियल उभं राहतं. एकही समीकरण नाही. विज्ञान समजावून सांगण्याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

आता त्या 'एक चाक अडवलं तरी दुसरं फिरत राहतं' या दृश्यापाशी थांबा. फिल्ममध्ये हा गुण म्हणून येतो. मी हेच दृश्य आमच्या बुरोंडीच्या किनाऱ्यावर पाहिलं आहे आणि तिथे तो गुण वाटला नव्हता. काकांची मासळीची पिकअप ओल्या वाळूत रुतली होती. डावं चाक जागच्या जागी फिरून खड्डा करत होतं, उजवं घट्ट वाळूवर ढिम्म. मागे बर्फातल्या मासळीचे क्रेट, समोरून भरती लागलेली. जमलेल्यांपैकी एक म्हणत होता, "रेस दे, रेस दे!" दुसरा म्हणाला, "हँडब्रेक अर्धा ओढून बघ." आणि काका हताशपणे म्हणाले, "सगळी ताकद त्या सुटलेल्या चाकाकडेच जाते रे."

हे शेवटचं वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. गॅरेजमध्ये, गाड्यांच्या परीक्षणांत, अगदी इंजिनिअरिंगच्या वर्गातही. ते अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं फिल्मनेही सांगितलेलं नाही.

फिल्ममधली तीच दांडी तराजूच्या दांडीसारखी बघा. तिला मधोमध ढकललं की दोन्ही टोकांना सारखाच रेटा मिळतो, कमी नाही, जास्त नाही. एका टोकासमोर काही अडथळाच नसेल तर ते टोक नुसतं पुढे पळतं आणि दुसऱ्या टोकालाही रेटा देता येत नाही. म्हणजे साधं डिफरन्शियल सुटलेल्या चाकाला जास्त बल देत नाही; दोघांना समान देतं. किती द्यायचं हे मात्र दुबळं चाक ठरवतं. इंजिनाची शक्ती फिरणाऱ्या चाकात वाया जाते हे खरं, पण गाडी पुढे सरकते ती बलामुळे. बल आणि शक्ती यांतला फरक आपण अकरावीत पाठ करतो आणि किनाऱ्यावर विसरतो.

आकडे घेऊ, निव्वळ उदाहरणादाखल. डाव्या चाकाखालची वाळू ४० किलोचा रेटा सोसते, उजव्याखालची २००. साध्या डिफरन्शियलमध्ये ४० अधिक ४०, एकूण ८०. उजव्याखालचे १६० किलो नुसते पडून. रेस दिली तर ८०चे ८१ होत नाहीत, उलट डावं चाक आणखी खोल जातं. आणि हँडब्रेक? समजा ब्रेकने दोन्ही चाकांवर ६०-६०चा विरोध आणला. आता डावीकडे १०० सोसतात, म्हणून उजवीकडेही १०० जातात, पण त्यातले ६० उजवा ब्रेकच खातो. जमिनीपर्यंत पुन्हा ४०. एकूण तेच ८०! फक्त सुटलेल्या चाकालाच ब्रेक लावता आला तर फायदा होतो. २०२०च्या महिंद्रा थारसारख्या गाड्यांमध्ये संगणक हेच करतो.

इथेच ते राहिलेलं दहावं मिनिट हवं होतं. फिल्ममधला मधला खिळा जरा आवळा. दांडी झुलेल, पण जोर लावल्यावरच. तेवढा जोर घट्ट बाजूला जास्तीचा मिळतो. क्लचच्या चकत्या असलेलं एलएसडी म्हणजे हा आवळलेला खिळा. टॉर्सनसारख्या, नुसत्या दात्यांवर चालणाऱ्या प्रकारात खिळा रेट्याच्या प्रमाणात आवळला जातो. प्रमाण तिप्पट धरलं तर ४० अधिक १२०, एकूण १६०. पण डावं चाक हवेत लटकलं तर शून्याची तिप्पट शून्यच. आणि खिळा वेल्डच केला तर ते डिफरन्शियल लॉक: ४० अधिक २००.

म्हणजे एलएसडी नवं बल निर्माण करत नाही, पडून राहिलेली पकड वापरायला देतं. जाहिराती सांगतात त्यापेक्षा हे कमी आहे आणि काकांच्या त्या वाक्यापेक्षा जास्त उपयोगी.

स्पोर्ट्स कारला ते का लागतं हेही यातूनच कळतं. वेगात वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आतलं चाक हलकं होतं. आता डावं चाक वाळूत नाही, डांबरावर आहे, पण हिशोब तोच. १९३०च्या दशकाच्या मध्याला ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांची आतली चाकं भर वेगातही जागच्या जागी फिरायची, म्हणून फर्डिनांड पोर्शे यांनी झेडएफकडून मर्यादित घसरणीचं डिफरन्शियल करून घेतलं. म्हणजे अमेरिकेत ही फिल्म बनत होती तेव्हा जर्मनीत तिची राहिलेली बाजू लोखंडात उतरली होती. आपल्याकडे २०२० साली स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २४५च्या फक्त २०० गाड्या आणल्या. त्यात पुढच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक एलएसडी होतं, कारण तेवढी शक्ती पुढच्या दोनच चाकांवर सोडली की आतलं चाक सुटणारच.

मग तुमच्या गाडीला बसवावं का? एकच प्रश्न विचारा: वळणातून बाहेर पडताना माझं आतलं चाक खरंच सुटतं का? नसेल, तर पडून राहिलेली पकडच नाही, मग वापरणार काय? आधी टायर बदला. सुटत असेल तर जरूर बसवा, पण किंमत ओळखून. गिअरबॉक्स किंवा अ‍ॅक्सल खोलावा लागतो, चकत्यांच्या प्रकाराला तेल वेगळं लागतं. आणि दापोलीहून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर, पावसात वळणावर जांभ्याची माती आलेली असताना, आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक सुटलं तरी दुसरं गाडीला आडवं धरून ठेवतं. खिळा आवळलेला असेल तर मागची दोन्ही चाकं एकदम सुटू शकतात आणि मागची बाजू पुढे यायला बघते. चूक माफ करण्याची थोडी जागा तुम्ही पकडीच्या बदल्यात दिलेली असते. परीक्षणांत 'वळणावर गाडी रुळावरून धावते' असं लिहितात, हे देणं लिहीत नाहीत.

काकांची पिकअप शेवटी ट्रॅक्टरने ओढली. ओढताना ट्रॅक्टरचंही एक मागचं चाक फिरू लागलं. ड्रायव्हरने टाचेजवळचं एक छोटं पेडल दाबलं आणि दोन्ही मोठी चाकं एकदम, जड पावलांनी चालायला लागली. पाणी पिकअपच्या मागच्या फळीला टेकलं होतं, मासळी वाचली. नंतर मी पेडलबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लॉक आहे. सरळ जाताना दाबायचं, वळताना सोडायचं. नायतर मोडेल."

लॉक कधी दाबायचं आणि कधी सोडायचं, एवढं त्याने दोन वाक्यांत सांगितलं. 'अराउंड द कॉर्नर' अजूनही दाखवा, मीही दाखवणार. फक्त ती संपली की एक पेन्सिल मधोमध बोटावर धरा, एका टोकाला काही न अडवता ढकला आणि पाहणाऱ्याला विचारा: दुसऱ्या टोकाला आता किती जोर लागतोय?